घोडीच्या खुणा : जुन्या गिटारींच्या इतिहासातील एक प्रकरण

जुने वाद्य संग्रहालयातील काचेच्या कपाटात पोहोचते तेव्हा त्याच्याबरोबर एक नाव, एक गाव आणि एक वर्ष असते. पॅरिस, १६४१, क्रेमोना, १६८८, कादिस, १७९०च्या सुमारास. वाचणाऱ्याचा सहज समज होतो, की समोरचे सगळेच वाद्य त्या वर्षाचे आहे. प्रत्यक्षात तसे क्वचितच असते. खुंट्या झिजतात आणि बदलल्या जातात. मान नव्या हाताच्या सोयीसाठी रुंद किंवा अरुंद केली जाते. पडदे उपटून नवे बसवले जातात. मात्र या सर्व भागांत जिचा पालट सर्वांत अधिक वेळा होतो ती म्हणजे घोडी. सतराव्या शतकातील एखाद्या गिटारवर आज दिसणारी घोडी एकोणिसाव्या किंवा विसाव्या शतकातील असणे ही नित्याची गोष्ट होय. म्हणूनच गिटारच्या घोडीचा इतिहास बराचसा अशा वस्तूंचा इतिहास आहे, ज्या आता उरलेल्या नाहीत. तो लिहावा लागतो त्यांच्या मागे राहिलेल्या खुणांवरून.

घोडी हा शब्द मराठी वाचकाला तंबोरा आणि सतार यांच्यामुळे परिचित आहे. तंबोऱ्याची घोडी तबलीवर उभी असते. तारा तिच्या पाठीवरून पुढे जातात आणि भोपळ्याच्या तळाशी बांधल्या जातात, आणि तारांच्या दाबानेच ती जागच्या जागी राहते. व्हायोलिनची घोडीही याच जातीची. जुन्या गिटारची घोडी मात्र तत्त्वतः वेगळी आहे. ती तबलीवर सरसाने चिकटवलेली असते आणि तारा तिच्यापाशीच संपतात. तंबोऱ्याच्या घोडीवर तारांचा भार पडतो, तर गिटारच्या घोडीला तारा ओढत असतात. दाब आणि ओढ यांतील हा फरक किरकोळ नाही. गिटारच्या बांधणीतील पुढची सारी उलथापालथ त्याच्याभोवती फिरते.

ही ओढ सरळ नसते. तार तबलीच्या पृष्ठभागापासून थोड्या उंचीवर असल्यामुळे ती घोडीला मानेच्या दिशेने नुसती खेचत नाही, तर पुढे कलंडवूही पाहते. परिणामी घोडीच्या मागची तबली फुगते आणि पुढची खचते. तार जितकी उंच तितका हा पीळ अधिक. सतराव्या शतकातील कारागिराने या अडचणीवर काढलेला तोडगा साधा होता. त्याने घोडी बुटकी ठेवली. त्या काळच्या पाच जोड्यांच्या गिटारमध्ये मानेवरची पट्टी तबलीच्या पातळीतच असे, त्यामुळे तारा तबलीच्या अगदी जवळून जात आणि घोडीला उंच असण्याचे कारणच नसे. आबनूस किंवा काळी रंगवलेली नासपतीसारखी लाकडे घेऊन केलेली ही एक अरुंद, ठेंगणी पट्टी होती. तिच्यात तारांच्या संख्येइतकी भोके आडवी पाडलेली असत.

तारा आतड्याच्या तातीच्या होत्या. तात भोकातून मागे काढायची, घोडीच्या माथ्यावरून पुन्हा पुढे आणायची, स्वतःच्याच गळ्याभोवती वळवायची आणि टोक खाली दाबून टाकायचे, अशी ती बांधली जाई. या रचनेत तारेला टेकण्यासाठी हाडाची किंवा हस्तिदंताची वेगळी पट्टी नव्हती. तार जिथून कंप पावू लागते ती जागा म्हणजे तिचाच वेढा होता. आजच्या गिटारमध्ये तार हाडाच्या कठीण कडेवरून उठते आणि तिचा नाद रेखीव, उजळ होतो. जुन्या गिटारमध्ये ती मऊ वेढ्यातून उठते. वेढा तिच्या कंपनातील तीक्ष्ण अंश थोडासा गिळतो. जुन्या गिटारच्या नादाचे जे वर्णन आज ‘मृदू’ या शब्दाने केले जाते, त्यातील काही वाटा या गाठीचा आहे. या रचनेला एक बंधनही होते. भोकाची उंची एकदा ठरली, की तारेची उंचीही जवळजवळ ठरून जाई. नंतर हाडाची पट्टी घासून ती कमी करण्याची सोय नव्हती. म्हणजे घोडीला भोके पाडताना कारागिराला वाद्याची मान, तबलीचा बाक आणि वादकाचा हात या तिहींचा अंदाज आधीच बांधावा लागे.

घोडीचे दुसरे काम डोळ्यांना दिसत नाही. त्या काळच्या गिटारच्या तबलीला आतून प्रायः दोनच मुख्य आडपट्ट्या असत. एक नादछिद्राच्या वर, दुसरी खाली. त्याखालचा रुंद भाग, म्हणजे घोडी जिथे बसते तो, आतून बहुधा मोकळाच असे. स्प्रूसच्या पातळ फळीला तंतूंच्या दिशेने बळ असते, आडव्या दिशेने नसते. त्या मोकळ्या भागाला आडवे बळ देणारी वस्तू बाहेरून चिकटवलेली घोडी हीच होती. ती तारा धरी आणि तबलीही सावरी. साहजिकच तिची लांबी, जाडी आणि वजन यांत केलेला कोणताही बदल नादापर्यंत पोहोचत असे. पुढच्या पिढ्यांनी घोडी बदलताना ही गोष्ट फारशी ध्यानात घेतली नाही.

या आरंभकाळाचा पुरावा विचित्र रीतीने विषम आहे. स्पेनमध्ये १५३६ मध्ये लुईस मिलानचा ग्रंथ छापला गेला, आणि १५७६ मधील एस्तेबान दासाच्या ग्रंथापर्यंत विहुएला या वाद्यासाठीचे सात संग्रह प्रसिद्ध झाले. विहुएला म्हणजे गिटारची थोरली, दरबारी बहीण. आलोन्सो मुदारा याच्या १५४६ मधील संग्रहात चार जोड्यांच्या लहान गिटारसाठीही रचना आहेत, आणि गिटारसाठी छापलेल्या सर्वांत जुन्या रचना त्याच होत. म्हणजे वाद्याचे वाङ्मय हाती आहे, पण त्याचे शरीर नाही. विहुएला म्हणून मानली जाणारी वाद्ये आज हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच उरली आहेत. दोन पॅरिसमधील संग्रहांत आहेत, तर एक इक्वादोरमधील कीतो शहरी येशूसंघाच्या चर्चमध्ये, संत मारियाना दे हेसूस हिच्या स्मृतीशी जोडलेले. लिस्बनच्या बेल्शिओर दियाश याने १५८१ मध्ये केलेले, पन्हाळीदार पाठीचे एक छोटे वाद्य लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये जपलेले आहे. त्याला गिटार म्हणावे की विहुएला, याविषयी अभ्यासकांत मतैक्य नाही. एवढ्या तुटपुंज्या अवशेषांवरून सोळाव्या शतकातील घोडीविषयी सर्वसाधारण नियम सांगणे धाडसाचेच ठरते.

मग अभ्यासक छापील चित्रांकडे आणि रंगचित्रांकडे वळतात. मारँ मेर्सेन याच्या १६३६ मधील संगीतविषयक महाग्रंथात गिटारची आकृती आहे. दिदरोच्या विश्वकोशातील वाद्यकारागिरीच्या पटांतही ती आहे. व्हर्मीरने आणि पुढे वातोने गिटार वाजवणारी माणसे रंगवली. अशा चित्रांमधून घोडी तबलीवर आजच्यापेक्षा बरीच खाली, तळाच्या कडेजवळ असे, हे निश्चित कळते. पण चित्राच्या साक्षीला मर्यादा आहेत. वादकाचा उजवा हात नेमका घोडीच्या आसपास असतो आणि अनेकदा तिला झाकतो. चित्रकाराला प्रकाश हवा असतो, भोकांची संख्या नको असते. खोदकाम करणारा कारागीर पूर्वीच्या एखाद्या आकृतीची नक्कलही करीत असू शकतो. चित्रावरून घोडीची जागा कळते, तिची घडण कळत नाही.

अखेर सर्वांत विश्वसनीय साक्षीदार ठरते ती स्वतः तबली. सरसाने चिकटवलेली घोडी ऊब आणि ओलावा देऊन सोडवता येते, पण ती मागे काहीच ठेवून जात नाही असे होत नाही. जिथे ती होती तिथले लाकूड उजेडापासून आणि हातांच्या मळापासून झाकलेले राहते. आजूबाजूची तबली काळवंडते आणि जुन्या घोडीच्या आकाराचा फिका ठसा उरतो. सरसाचे अवशेष राहतात. सोडवताना उचकटलेले तंतू राहतात. नवी घोडी जुनीपेक्षा मोठी असेल तर हा ठसा तिच्याखाली दडतो. लहान असेल तर कडेने डोकावतो.

या संदर्भात त्या काळच्या एका अलंकाराला अनपेक्षित महत्त्व येते. घोडीच्या दोन्ही टोकांना आबनुसाची नागमोडी, वेलीसारखी नक्षी तबलीवर बसवण्याची प्रथा होती. स्पॅनिश कारागीर तिला ‘मिशा’ म्हणत. मराठीतही दुसरा शब्द सुचू नये इतके ते नाव चपखल आहे. पॅरिसचे व्होबोआम घराणे, व्हेनिसचा मात्तेओ सेल्लास, हँबुर्गचा योआखिम टील्के यांच्या काळात वाद्याचा दिखाऊपणा हा त्याच्या मूल्याचाच भाग होता, आणि मिशा त्याच दिखाऊपणाचा अंश होत्या. घोडी बदलणाऱ्या माणसाला मिशा काढण्याचे कारण नसे, कारण त्यांवर तारांचा ताण नव्हता. ज्या वाद्यांवर त्या मूळ जागी टिकल्या, तिथे दोन मिशांमधले अंतर नाहीशा झालेल्या घोडीची लांबी सांगते. त्यांची उंची तिची जागा सांगते. शोभेसाठी केलेली वस्तू पुढे पुरावा होऊन बसावी, हे इतिहासात वरचेवर घडते.

जागा ठरवण्याची आणखी एक रीत गणिताची आहे. तारेच्या बरोबर मध्यावर दाबले असता वरचे सप्तक मिळते. म्हणून मानेच्या टोकापासून त्या पडद्यापर्यंतचे अंतर दुप्पट केले, की घोडीची जागा हाती येते. परंतु जुन्या गिटारचे मानेवरचे पडदेही तातीचेच असत, गुंडाळून बांधलेले आणि सरकवता येणारे. सरकत्या पडद्यांवरून स्थिर घोडी शोधणे कठीण आहे. शिवाय मान मागाहून आखूड केली गेली असेल तर हे गणितही फसते. वृक्षवलयांवरून तबलीच्या स्प्रूसचे वय काढता येते, पण आबनुसाच्या चिमुकल्या पट्टीला ती कसोटी लावता येत नाही. घोडी आपले वय स्वतः सांगत नाही.

हा सारा खटाटोप केवळ सुतारकामापुरता आहे असे समजणे चूक ठरेल. गास्पार सान्स याने १६७४ मध्ये सारागोसा येथे प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात गिटारला तारा चढवण्याच्या दोन रीती नोंदवल्या आहेत. रोममधील उस्ताद सगळ्याच तारा बारीक लावीत, तर स्पेनमध्ये चौथ्या व पाचव्या जोडीत जाड, खर्जाच्या तारा घालणारेही होते. रीत बदलली की त्याच लिखित रचनेतील सुरांचे सप्तक बदलते, आणि स्वरावलीची रेषाच वेगळी ऐकू येते. विशिष्ट वाद्यावर कोणत्या तारा होत्या याचा थोडाफार सुगावा देऊ शकणारी जागा म्हणजे मूळ घोडीची भोके, त्यांचा व्यास आणि त्यांची झीज. ती घोडीच नसली, की वाद्य या प्रश्नावर मुके राहते. एका लाकडी पट्टीबरोबर एका काळाच्या श्रवणाचा दाखलाही जातो.

घोडी का बदलली गेली, याची उत्तरे कालानुक्रमे वेगवेगळी आहेत. इटलीत ‘कितार्रा बात्तेन्ते’ नावाचा एक प्रकार रूढ झाला. त्याला धातूच्या तारा असत. त्या तळाच्या कडेला अडकवलेल्या असत आणि तबलीवर नुसत्या उभ्या ठेवलेल्या घोडीवरून जात. म्हणजे ओढीची जागा दाबाने घेतली. हा दाब पेलावा म्हणून तबलीला घोडीजवळ बाक दिलेला असे. आज बात्तेन्ते म्हणून ओळखली जाणारी कित्येक वाद्ये मुळात सतराव्या शतकातील तातीच्या गिटारी होत्या. तातीची गिटार मागे पडल्यावर त्यांची चिकटवलेली घोडी काढली गेली आणि त्यांना नव्या जातीत घेतले गेले. ही रूपांतरे नसती तर त्यांतील काही वाद्ये टाकाऊ ठरून चुलीतही गेली असती. त्यांचे मूळ रूप ज्या हातांनी नष्ट केले, त्याच हातांनी त्यांचे आयुष्य वाढवले.

मोठी उलथापालथ अठराव्या शतकाच्या अखेरीस झाली. पाच जोड्यांच्या जागी स्पेनमध्ये सहा जोड्या आल्या, आणि इटली व फ्रान्समध्ये सहा एकेरी तारा. एकेरी तारेला जोडीचा आधार नसतो, त्यामुळे प्रत्येक तारेकडून अधिक आवाज मागितला जाऊ लागला. मानेवर जाड पट्टी चढवली जाऊ लागली, पडदे धातूचे व पक्के झाले, तारा तबलीपासून वर उचलल्या गेल्या. घोडीवरचा पीळ वाढला. नेपल्सचे फाब्रिकातोरे, पॅरिसचा लाकोत, व्हिएन्नाचा श्टाउफर, लंडनचा लुई पानोर्मो यांच्या वाद्यांवर मेखांची घोडी दिसते. तारेच्या टोकाला गाठ मारून ती तबलीतून आरपार गेलेल्या भोकात सोडायची आणि वरून निमुळती मेख ठोकून पक्की करायची. तारेची ओढ आता सरसावरच न राहता तबलीच्या आतल्या बाजूलाही पोहोचली. तार बदलणे सोपे झाले. तार टेकण्यासाठी हाडाची, हस्तिदंताची किंवा धातूची पट्टी घोडीवर बसू लागली, आणि उंची घासून कमी करण्याची मुभा कारागिराला मिळाली. किंमतही मोजावी लागली. एका ओळीत पाडलेल्या सहा भोकांनी तबलीचे तंतू तोडले. जुन्या वाद्यांना मेखांची घोडी बसवताना ही भोके सतराव्या शतकातील तबलीत पाडली गेली, आणि ती जखम भरून काढता आली तरी पुसता आली नाही.

स्पेनने दुसरा मार्ग धरला. सेविल आणि कादिस येथील कारागिरांनी, त्यांत पाखेस आणि बेनेदिद ही नावे ठळक आहेत, बांधायची घोडी सोडली नाही. घोडीला जे बळ हवे ते त्यांनी तबलीच्या आतून दिले. घोडीखालच्या मोकळ्या भागात पंख्याच्या काड्यांसारख्या पसरलेल्या बारीक पट्ट्या त्यांनी चिकटवल्या. फर्नांदो सोर या स्पॅनिश वादकाने पॅरिसमध्ये १८३० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात वाद्याच्या बांधणीची चर्चा केली आणि माद्रिद, कादिस, मालागा व पॅरिस येथील चांगल्या कारागिरांची नावेही नोंदवली. वादकानेही तबलीखाली काय आहे याचा विचार करावा, ही अपेक्षा त्यात स्पष्ट आहे. पुढे आन्तोनिओ दे तोर्रेस (१८१७–१८९२) याने पंख्याची रचना, मोठी व पातळ तबली, तारा बांधण्याचा ठोकळा आणि त्यापुढे हाडाची स्वतंत्र पट्टी असलेली घोडी यांचा मेळ घातला. यांपैकी प्रत्येक गोष्टीचा पहिला शोध त्याचा नव्हे. त्यांचे प्रमाण बसवणे हे त्याचे कर्तृत्व होय. १८६२ मध्ये त्याने बाजू आणि पाठ पुठ्ठ्याची असलेली एक गिटार केली, ती बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. नाद मुख्यतः तबली आणि तिच्यावरच्या घोडीतून येतो, असे तो त्यातून सांगत होता. आजची शास्त्रीय गिटार जी घोडी वापरते ती तत्त्वतः त्याचीच आहे.

तोर्रेसच्या घोडीचे हे यश जुन्या वाद्यांच्या मात्र मुळावर आले. जी घोडी सर्वमान्य झाली तीच ‘खरी’ घोडी वाटू लागली, आणि दुरुस्तीला आलेल्या पूर्वीच्या वाद्यांवर ती निःशंकपणे बसवली गेली. विसाव्या शतकात जुन्या संगीताचे पुनरुज्जीवन सुरू झाले तेव्हा कित्येक आरंभीच्या प्रतिकृतींवरही जाड, जड, हाडाची पट्टी असलेल्या घोड्या आल्या. आकार सतराव्या शतकाचा आणि नाद विसाव्याचा, असे ते मिश्रण होते.

येथे संग्रहालयांपुढे आणि कारागिरांपुढे एक खरा पेच उभा राहतो. स्त्रादिवारीच्या मोजक्याच गिटारी उरल्या आहेत. १६८८ची एक ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयात आहे, १७००ची एक अमेरिकेतील दक्षिण डकोटा राज्यातल्या व्हर्मिलियन येथे. ‘साबियोनारी’ नावाने ओळखली जाणारी १६७९ची गिटार एकोणिसाव्या शतकात सहा एकेरी तारांसाठी बदलण्यात आली होती. एकविसाव्या शतकात ती पुन्हा पाच जोड्यांच्या रूपात आणली गेली आणि ती वाजवलीही जाते. ती ऐकणाऱ्याला स्त्रादिवारीच्या तबलीचा आवाज ऐकू येतो हे खरे. पण त्या आवाजासाठी तिच्या शरीरावरचा एकोणिसाव्या शतकाचा थर बाजूला सारावा लागला, हेही तितकेच खरे. ज्या कोणी ती गिटार सहा तारांसाठी बदलली, त्याला ती केवळ जपायची नव्हती, वाजवायची होती. त्याचे काम हा त्या वाद्याच्या इतिहासाचाच भाग होता.

साहित्याच्या अभ्यासकाला हा पेच अपरिचित नाही. हस्तलिखितांच्या परंपरेत मूळ संहिता शोधणारा संपादक आणि नक्कलकारांनी शतकानुशतके घातलेली भर, यांच्यातला ताण तोच आहे. एका काळी प्रक्षिप्त भाग काढून टाकणे म्हणजेच संपादन, असे मानले जाई. पुढे पाठभेद हेही ग्रंथाच्या वाचनाचा इतिहास सांगतात, हे मान्य झाले. परंतु ग्रंथाच्या संपादकाला एक सवलत आहे. तो वगळलेला पाठ तळटीपेत देऊ शकतो. वाद्याला तळटीप नसते. एकाच तबलीवर एका वेळी एकच घोडी बसते. एक काळ ऐकायचा तर दुसरा काढून ठेवावा लागतो, आणि काढताना कितीही काळजी घेतली तरी तंतूंचा थोडासा अंश सरसाबरोबर निघतोच.

म्हणून आज अनेक संग्रहालये जुन्या वाद्यांवर तारा चढवण्याचेच टाळतात. घोडी आहे तशी राहू देतात, काढलेला प्रत्येक तुकडा क्रमांक घालून जपतात, आणि नादाचा शोध प्रतिकृतीवर सोपवतात. प्रतिकृती करणारा कारागीर ठशाची लांबी मोजतो, मिशांमधले अंतर घेतो, हलक्या लाकडाची बुटकी घोडी करतो आणि तात तिच्याच वेढ्यात बांधतो. त्याच्या वाद्यावर सान्सच्या दोन्ही रीती एकामागून एक अजमावता येतात, आणि त्यासाठी कोणत्याही जुन्या तबलीला भोक पाडावे लागत नाही. मूळ वाद्य मूक राहते हा तोटा आहेच. पण त्याच्या तबलीवर, एकोणिसाव्या शतकातील मेखांच्या भोकांपासून थोड्याच अंतरावर, मूळ घोडीचा तो फिका ठसा अजून वाचता येतो. जोवर त्याच्यावर आणखी एक नवी घोडी चिकटवली जात नाही, तोवर त्याच्याकडे नवे प्रश्न घेऊन जाणे शक्य आहे.